निळी जीभ विझंस्तोवर

२ मार्च १९६९
खताचा कारखाना, बडोद्याजवळ

तीर्थरूप गेणूदादास,

शिदूचा वाकून नमस्कार. मी जिवंत आहे.

दत्तोबाभाऊ, हे पत्र तुम्हीच वाचत असणार. टाकव्याच्या पोस्टातून आपल्या वाडीवर चढणारे तुम्ही एकटेच, आणि दादाला अक्षर लागत नाही. तर जरा दमानं वाचा, मधेच तंबाखू मळायला थांबू नका. माझं अक्षर चौथीत होतं तेवढंच आहे. शाळा सुटली तसं तेही वाढायचं थांबलं.

दादा, तीन वर्षं कागद टाकला नाही. गंगीवहिनीचा दहावा व्हायच्या आत मी निघून गेलो, भाऊ असून तुझ्या शेजारी उभा राहिलो नाही, त्याचा राग तुझ्या मनात आहे हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल लिहायला घेतलं होतं. दोन कागद फाडले. आज नको.

मी कुठं होतो ते सांगतो. लोणावळ्याला रेल्वेच्या खडीवर चार महिने, मग कल्याण, मग सुरतेला कापडाच्या गाठी उचलायला. कुठंच बूड टेकलं नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची ते खोटं नव्हतं. पण हितं दीड वर्ष झालं आणि पाय हलत नाही. हितं रोज काहीतरी असं दिसतं की उद्या येऊन परत बघावं वाटतं.

हा कारखाना हवेतून खत काढतो. हसू नका. टाकव्याचे लोक भातखाचरात ते पांढरं, साखरेसारखं खत टाकतात ना, तसलंच. हवेतला एक वायू घ्यायचा, रॉकेलसारख्या तेलातून दुसरा काढायचा, आणि दोघांना दाबून लोखंडाच्या गोळ्यांवरून न्यायचं. मग जे निघतं त्याचा वास पहाटे शेळ्यांच्या खोपटाचं दार उघडल्यावर येतो तसा. पहिल्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलं आणि घरची आठवण झाली. दोन्ही एकदमच झालं, कशामुळं कोणतं ते सांगता येत नाही.

आपल्याकडच्या इंदुरीचा बाजीराव हितं बोर्डावर आहे. बोर्ड म्हणजे घड्याळांची भिंत, कुठल्या भांड्यात किती धग, किती दाब, ते काटे दाखवतात. मला त्यानंच कामाला लावलं. तो सुट्टीवरून आला तेव्हा म्हणाला, कामशेतच्या बाजारात कळलं की तू दुसरं लग्न केलंस, नाणे गावाकडची हिरा, आणि तिला आषाढ सरता दिवस भरतात. ऐकून बरं वाटलं. खरंच वाटलं.

गंगीवहिनीची बाया आता तीन वर्षांची होईल. चालते का, बोलते का, ते लिहा. कुणासारखी दिसते ते लिहू नका.

एक विचारायचं होतं. बाळंतपण कुठं करणार, आपल्याच घरात का हिरावहिनीच्या माहेरी? सहज विचारलं.

तुझा
शिदू


२० एप्रिल १९६९

गेणूदादास नमस्कार.

दत्तोबाभाऊंचं कार्ड मिळालं. त्यात तुझे शब्द मोजून तीन: "जगला तर जगला." बाकीचं कार्ड दत्तोबांचं स्वतःचं. बाया बोलते, लय बोलते. हिरावहिनीची आई अंथरुणाला खिळली म्हणून बाळंतपण आपल्याच घरात. आणि शिदू तिकडं नेमकं करतो काय, असं वाडी विचारते.

तर वाडीला सांगा. मी ज्या भांड्याशी असतो ते पोलादाचं आहे, आपल्या देवळाच्या कळसावर दुसरं देऊळ ठेवलं तर होईल एवढं उंच. आत निकेलच्या गोळ्या भरल्यात, करड्या, बोराएवढ्या. निकेल म्हणजे आठ आण्याच्या नाण्यात असतं ते. तेलातून वायू काढताना त्याच्याबरोबर कोळशाचे दोन वायू न बोलावता येतात. थोरला तोच, जो आपण श्वासातून बाहेर टाकतो. धाकटा त्याच्याहून एका कणानं कमी, पण करणीनं वाईट.

बाजीराव मला हे सांगत होता तेव्हा मी म्हणालो, "कोळसा मला शिकवू नगंस. आमी भट्टीवर वाढलो."

"मंग सांग की कोळसेवाल्या, त्या धाकट्याचा वास कसा आसतो?"

"धुराचा."

"चूक! वासच न्हाई त्याला. रंग न्हाई, चव न्हाई. तुझ्या नाकाखालनं जाईल आन रामराम बी घालायचा न्हाई."

दादा, मला ते खरं वाटेना. आपण उभा जन्म कोळसा पाडला, आणि कोळशातून निघणारी एक वस्तू आपल्याला ठाऊकच नाही, असं कसं होईल? मग मी त्या गोष्टीच्या मागंच लागलो.

ते दोन्ही वायू तापलेल्या निकेलवरून गेले की पुसले जातात. खाचरात चिखल तुडवताना पायाखालून बुडबुडे येतात बघ, त्यात जो वायू असतो तो होतो, आणि थोडं पाणी. बस. एवढंच उरतं. आणि निकेलचं काय होतं? काहीच नाही. ओढ्यावर धुण्याचा दगड असतो तसं. धुणं त्याच्यावर होतं, पण दगड धुण्यात जात नाही. मी म्हटलं, मग नुसतं हवेतच का होत नाही? बाजीराव म्हणाला, "दगडाबिगर धुनं आपटून बघ की हवेत."

हितल्या लॅबमध्ये एक बाई आहेत, बडोद्याच्याच, घरी मराठी बोलणाऱ्या. त्यांच्याकडं गॅसची नळकांडी पोचवायचं काम माझ्याकडं आहे. बाई एक काचेची नळी घेऊन बसतात, मनगटाएवढी जाड. आत थोडं निकेल. नळीतली हवा काढून ते वायू अगदी विरळ सोडतात, आणि दुकानाच्या दिव्याच्या पाट्या पेटवायचं यंत्र असतं ते दोन्ही टोकांना जोडतात. खटका दाबला की आत जांभळा उजेड भरतो. जळत नाही, हलत नाही, नुसता भरून राहतो. पिकल्या करवंदाच्या रसात पाणी घातल्यावर रंग येतो तसा. मी विचारलं, ही आग का वीज? बाई म्हणाल्या, "दोन्ही नाही. वायूचे कण विजेनं फुटले की जे होतं ते. प्लाझ्मा म्हणतात." मोठ्या भांड्याला तीनशे अंशांची धग लागते, तेच काम थोड्या धगीत करून घ्यायचं असं त्यांच्या मनात आहे. नुसत्या उजेडानं थोडं होतं, नुसत्या निकेलानं त्या धगीत होतच नाही, दोन्ही एकत्र असले की होतं. का, ते त्यांनाही पुरतं ठाऊक नाही. दादा, एवढ्या शिकलेल्या बाई "मला ठाऊक नाही" असं हसून म्हणाल्या! मास्तर असते तर मला छडी मारली असती.

मी विचारलं, हे दोन वायू पुसायचेच कशाला, एवढा खटाटोप करून? बाई म्हणाल्या, पुढच्या भांड्यात लोखंड आहे. हा वायू लोखंडाला चिकटला की ते दुसऱ्या कुणाला धरत नाही, काम सोडून देतं.

मी सहज म्हटलं, आणि माणसाच्या अंगात गेला तर?

"तेच की," बाई म्हणाल्या. "माणसाच्या रक्तातपण लोखंड असतं."

त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

शिदू


८ जून १९६९

गेणूदादास,

दत्तोबाभाऊ, हे पत्र फक्त दादाला वाचून दाखवा. अंगणात बायका निवडत-टिपत बसल्या असतील त्यांना काहीतरी सांगून उठवा.

दादा, भट्टीतला कोळसा शेगडीत पेटवला की वर निळी जीभ नाचते. आपण लहानपणापासून बघतो. ती काय असते, असं मी बाईंना विचारलं. बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "तू बघितली आहेस? तोच तो धाकटा. जळतो तेवढा निळा दिसतो. जळायचा राहतो तो दिसत नाही. पण असतो."

जीभ विझली तरी थोडा निघतच राहतो म्हणे. उघड्यावर तो उडून जातो, पण कोंडला की साचतो.

मग मी विचारलं. असं विचारलं की एका गावात अशी चाल आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, शेक मिळावा म्हणून. वारं लागू नये म्हणून दार लावतात, फटी बुजवतात. बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. "कुणाच्या घरी झालं हे?"

मी म्हटलं, ऐकलेली गोष्ट आहे.

दादा, मला वाटतं गंगीवहिनी त्यानं गेली. वाडीनं सुईण विठामावशीवर आळ घेतला, पण तिनं काही केलेलं नसावं. आता हिरावहिनीचे दिवस भरत आलेत, आषाढात तुमच्याकडं काय गारठा असतो ते मला ठाऊक आहे, आणि बाजेखाली शेगडी येणार हेही ठाऊक आहे. शेक बंद कर म्हणत नाही. पण दार उघडं ठेव. वरचा झरोका उघडा ठेव.

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नकोस. पाकिटात कागदाच्या पट्ट्या घातल्यात, बाईंनी एका औषधात बुडवून करून दिल्यात. गवताच्या खोलीत शेगडी पेटवून ठेव, दार लाव, एक पट्टी पाण्यात भिजवून आत टांग, आणि तू बाहेर थांब. आत बसू नकोस. घटकाभरानं दार उघडून ठेव, वारं खेळू दे, मग पट्टी काढ. तो वायू असेल तर ती काळी पडलेली असेल. जे नाकाला कळत नाही ते त्या कागदाला कळतं.

पट्टी काळी झाली का, ते दत्तोबांना लगेच लिहायला सांग.

शिदू


२९ जून १९६९

गेणूदादास,

दत्तोबाभाऊंचं पत्र आलं. ते मी उभ्यानंच वाचलं.

तू पट्टी टांगलीस, ती काळी झाली, आणि तू हसलास. म्हणालास, "कोळशाजवळ ठिवल्यालं काय काळं व्हत न्हाई? मीबी झालोय."

हे मी बाईंना सांगितलं. मला वाटलं रागावतील. तर त्यांनी टाळी वाजवली. म्हणाल्या, "तुझा भाऊ इथं लॅबमध्ये पाहिजे होता. हाच प्रश्न विचारायचा असतो." म्हणून आता पट्ट्यांच्या जोड्या पाठवतो. जिच्या कोपऱ्याला भोक आहे ती औषधाची, दुसरी साधा कागद. दोन्ही भिजव, एकाच खिळ्याला शेजारी शेजारी टांग. काजळीनं काळी होत असेल तर दोन्ही होतील. एकच झाली तर मग काजळी नव्हे. कागद तोच, शेगडी तीच, मग दुसरी का वाचली ते तूच मला सांग.

पण दत्तोबांनी पुढंही लिहिलंय, आणि ते वाचल्यापासून मला उमगलंय की पट्टीनं काही होणार नाही. ते लिहितात, गेणू म्हणतो, पट्टी काळी होऊ द्या न्हाई तर पांढरी. गंगीला इठामावशीनं खाल्ली. पोर तेवढी स्वतःच्या झोपडीत नेऊन वाचवली आन आईचा जीव काढून घेतला, हे साऱ्या वाडीला ठावं हाय. शिदूनंच तर सांगितलं व्हतं. म्हणून या खेपेला तिची नजर आत येऊ नये म्हणून उंबऱ्याला बिब्बा बांधलाय, झरोका शेणामातीनं लिंपून बंद केलाय, आणि दाराला आतून दोन पोती लावणार आहे.

शिदूनंच सांगितलं होतं. हे खरं आहे.

दत्तोबाभाऊ, मागच्या खेपेला मी सगळ्यांना उठवायला सांगितलं होतं. आता उलट करा. इथं थांबा आणि सगळ्यांना बोलवा. पारावर बसा. गोविंदाकाकांनी विठामावशीच्या चुलीत पाणी ओतून तिला वाडीतून घालवलं होतं, त्यांना पुढं बसवा. सगळे आले की मग वाचा, जोरात.

वाडीच्या लोकांनो, मी शिदू सांगतो.

गंगीवहिनी बाळंत होऊन चौथा दिवस होता. श्रावण होता, पाऊस खळत नव्हता. दादा दुसऱ्या दिवशीच्या पाचवीचं सामान आणायला टाकव्याला गेला होता. सकाळी विठामावशीनं वहिनीला ओव्याचा काढा दिला. रोज देत होती तोच. मग पोरीला न्हाऊ घालायला स्वतःच्या झोपडीत घेऊन गेली, कारण आपल्या मोरीत गळत होतं. जाताना मला म्हणाली, "शिद्या, शेगडी पडवीत पेटव. वरची निळी जीभ विझंस्तोवर आत न्यायची न्हाई. आन झरोका बुजवू नगंस, जरा गार लागलं तर लागू दे."

पडवीत कोळसा धरेना, ओल होती. आणि मला घाई होती. खाली रस्त्यावर मोजणीवाल्यांची जीप चिखलात रुतली होती, वीस माणसं तिला दोर लावत होती, आणि मला ते बघायचं होतं. जीपचं पुढचं चाक फिरतं का मागचं, यावर माझी आदल्या दिवशी शर्यत लागली होती. एवढ्यासाठी. मी निळी जीभ नाचत होती तशीच शेगडी आत नेली, बाजेखाली सरकवली. वहिनीला गार लागू नये आणि मला परत बघायला यायला नको, म्हणून झरोक्यात पोतं कोंबलं, दार घट्ट ओढलं आणि पळालो.

दुपारी आलो तर मावशी पोरीला घेऊन दारात हाका मारत होती. आम्ही दार उघडलं. वहिनी झोपल्यासारखी होती. गालांवर लाली होती, आठवतं का सगळ्यांना? त्या लालीवरूनच तुम्ही म्हणालात, आत्ता तर धडधाकट होती, ही करणीच. बाई सांगतात, तो वायू रक्ताला चिकटला की रक्त असंच लाल दिसतं. ती लालीच त्याची खूण.

मावशी रडत होती तेवढ्यात मी झरोक्यातलं पोतं काढून गंजीत खुपसलं. शेगडी बाहेर नेली. मग दादा आला आणि त्यानं मला विचारलं, काय झालं? मी म्हणालो, मावशीनं वाटीतनं काहीतरी पाजलं होतं.

खोटं एवढंच एक वाक्य. तेही धड खोटं नाही. पुढचं सगळं तुम्ही केलंत, पण बी माझं.

मावशी भुशीला बहिणीच्या लेकाकडं राहते. बाजीरावाला लोणावळ्याच्या रस्त्याला करवंदं विकताना दिसली. त्यानं विचारलं, बाळंतपणं करता का? म्हणाली, "माझ्या हाताला कुनी बाळंतीन दावतंय व्हय रं बाबा?" जिनं शंभर पोरं काढली, तिला.

मला काय करायचं ते करा. मी पळून जाणार नाही, पत्ता पाकिटावर लिहिलाय. पण जिच्या नजरेसाठी तुम्ही ती पोती लावताय ती नजर कधी नव्हतीच. होता तो एक मी. हिरावहिनीचं दार उघडं ठेवा.

शिदू


१० ऑगस्ट १९६९

गेणूदादास,

दत्तोबांचं पाकीट काल मिळालं. त्यांनी पारावरचं सगळं जसंच्या तसं लिहिलंय. मी ते इतक्या वेळा वाचलं की आता मी तिथं बसलो होतो असं वाटतं.

गोविंदाकाका मधेच उठून म्हणाले, "पोरगं शेरात जाऊन भरकटलं. यंत्राजवळ बसून डोकं फिरतं मानसाचं." कुणी म्हणालं, तीन वर्सांनी बरं सुचलं. तू दत्तोबांना म्हणालास, "फुडं वाचा." सगळं वाचून झाल्यावर परत म्हणालास, "फुडं?" दत्तोबा म्हणाले, संपलं.

मग तू उठून पट्ट्यांची जोडी भिजवलीस आणि गोविंदाकाकांनाच खिळा ठोकायला लावलास. एक काळी झाली, दुसरी पांढरी राहिली. काका दोन्ही हातात घेऊन उलटसुलट बघत होते, पांढरीला भोक नाही ना याची खात्री करत होते. तू घोंगडी घेतलीस आणि भर पावसात भुशीची वाट धरलीस.

दुसऱ्या दिवशी विठामावशी तुझ्या मागून वाडी चढली. तिला काय म्हणालास ते तू कुणाला सांगितलं नाहीस, आणि दत्तोबांनाही काढता आलं नाही. मावशीनं घरात पाऊल टाकायच्या आधी दाराची पोती ओढून अंगणात फेकली, बिब्बा तोडला. दत्तोबांनी तिचा निरोप लिहिलाय: "शिद्याला म्हनावं, मी हेच सांगितलं तवा मला कागूद लागला न्हवता."

तो निरोप मी बाईंना वाचून दाखवला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांना हे कसं कळलं असेल?" आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. किती बाळंतिणी बघितल्या असतील, कुठली जगली, कुठल्या घरात काय उघडं होतं, हे सगळं तिनं मनात कसं धरून ठेवलं असेल. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मावशीचं नावसुद्धा.

हिरावहिनीला मुलगा झाला, दोघं बरी आहेत. झरोका तू कुदळीनं फोडलास. आणि दार उघडं ठेवलं तर कुणीतरी येता-जाता लावील म्हणून तू दारच बिजागरीतून काढलंस आणि गोठ्याला टेकवून ठेवलंस. दहा दिवस घराला दार नव्हतं. दादा, हे वाचून मी बोर्डासमोर उभा राहून रडलो. बाजीराव काटे बघत राहिला, माझ्याकडं बघितलं नाही.

तू मला निरोप धाडलास: "हितं येऊ नगंस." बरं. येत नाही. बायाला कळत्या वयात काय सांगायचं ते तू ठरव, मी मधे पडणार नाही.

पण त्याच्याखाली दत्तोबांनी लिहिलंय, की पाकीट चिकटवणार तेवढ्यात तू उंबऱ्यावरून परत फिरलास आणि एक विचारायला सांगितलंस. त्या वक्ताला गंगीला काय कळलं आसल का?

मी ते बाईंना विचारलं. कुणासाठी, हेही या खेपेला सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते आणि झोप लागते. झोपेत दुखत नाही. कळत नाही.

एवढंच लिहून पाकीट बंद करता आलं असतं. तुला बरं वाटलं असतं. खोटंही झालं नसतं. पण मागच्या वेळी मी असंच केलं होतं.

मी खाली रस्त्याकडं निघालो आणि अर्ध्या वाटेवरून परत आलो, इरलं विसरलं होतं म्हणून. पडवीतून इरलं उचललं तेव्हा आतून वहिनीनं हाक मारली. "भावजी, डोकं लय दुकतंय. दार जरा उघडा की."

मी म्हणालो, "वारं लागंल वयनी. पडून ऱ्हावा."

ती म्हणाली, "बरं."

तेवढं तिला कळलं होतं. त्याच्या पुढं झोप.

हे मी पारावरच्या पत्रातही लिहिलं नव्हतं. दत्तोबाभाऊ, हे दादाला एकट्याला वाचलंत की मोठ्यानं, ते आता तुमच्यावर. कुणालाही सांगितलंत तरी माझी हरकत नाही.

दादा, आणखी काही विचारायचं असेल तर विचार. ठाऊक असेल ते लिहीन. नसेल ते बाईंना विचारून लिहीन.

शिदू